भिंतीतली शेकोटी आणि बाथरूममधला गीझर

चिपळूणहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ईदनंतर त्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहेत. त्यांची नणंद इंग्लंडला असते. तिच्या दिवाणखान्यात, सोफ्यासमोरच्या भिंतीत गॅसची शेकोटी बसवली आहे. काचेआड ज्योती जळताहेत आणि मुलं समोर गालिच्यावर खेळताहेत, असा फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकला. इकडे या भगिनींच्या सासूबाईंनी मात्र नव्या घरात बाथरूममध्ये गॅसचा गीझर बसवू देणार नाही, असा हट्ट धरला आहे. “तिकडे बैठकीत संध्याकाळभर गॅस जळतो तरी काही होत नाही, मग आमच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं जळला तर काय बिघडलं? फिटर तर म्हणतो अर्ध्या तासात बसवून देतो,” असा त्यांचा सवाल आहे.

सासूबाईंचं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात अशी हट्ट धरणारी कुणी नव्हती.

आमचा गीझर बाथरूममध्येच होता, नळाच्या वर. लहानशी काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती, पण समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून मीच तिला आतून प्लॅस्टिक चिकटवलं होतं. डिसेंबरचा महिना. जुम्याच्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी एका मागोमाग एक. आधी मुलांचे अब्बा, मग दोन्ही मुलं, मग पुतण्या. ते मशिदीत गेले की शेवटी मुलगी. पहिल्या जुम्याला ती बाहेर आली ती डोकं धरूनच. मळमळ, पाय लटपटताहेत. उपाशी पोटी अंघोळ केली म्हणून पित्त झालं असेल, असं मी म्हणाले. दुसऱ्या जुम्याला पुन्हा तेच. तेव्हा तिच्या दादीने मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली, मी आयतुल कुर्सी वाचून दम केला आणि डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळपर्यंत ती बरी व्हायची, म्हणून आम्हीही निर्धास्त.

तिसऱ्या जुम्याला मुलगी आतच पडली. मग पडल्याचा आवाज आला आणि पाणी वाहतच राहिलं.

हाका मारल्या, उत्तर नाही. कडी आतून. नमाजहून नुकतेच परतलेले तिचे अब्बा दारात उभे राहिले आणि क्षणभर थांबले. आत चौदा वर्षांची मुलगी अंघोळ करते आहे, दार कसं तोडायचं? त्या क्षणाबद्दल त्यांना आजही बोलवत नाही. शेवटी त्यांनीच खांद्याने धक्का देऊन कडी उखडली, मी चादर टाकली, दोघांनी ओढून तिला गॅलरीत आणलं. अल्लाहने वाचवली. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गीझर गॅसचा आहे का?” तीन आठवडे हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्हालाही सुचला नव्हता.

आता नणंदेच्या शेकोटीकडे येऊ.

आग कुठलीही असो, तिला जळायला हवा लागते आणि जळून झालेली हवा कुठेतरी जावी लागते. नणंदेच्या भिंतीत जी शेकोटी आहे, ती काचेने पूर्ण बंद असेल तर बहुधा तिच्यामागून भिंतीबाहेर एकात एक अशा दोन नळ्या गेलेल्या असतील. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून जळालेली हवा बाहेर जाते. खोलीतल्या हवेला ती हातच लावत नाही. जुन्या, समोरून उघड्या शेकोट्या खोलीतली हवा घेतात आणि धुराड्यातून बाहेर सोडतात. अशा धुराड्यात पक्ष्याने घरटं केलं की तीच शेकोटी जीवघेणी होते. म्हणून तिकडे हे काम हौशी माणसाने करायचंच नाही, असा कायदा आहे. ‘गॅस सेफ रजिस्टर’ या यादीत नाव असलेल्या कारागिरालाच गॅसच्या उपकरणाला हात लावता येतो. ही यादी 2009 पासून आहे. त्याच्याजवळ फोटोचं ओळखपत्र असतं आणि त्याला गॅसची कुठली कुठली कामं करता येतात, ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. भाड्याच्या घरात घरमालकाला दरवर्षी गॅसची तपासणी करून घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये 2022 च्या ऑक्टोबरपासून अशी शेकोटी असलेल्या भाड्याच्या खोलीत विषारी वायूचा इशारा देणारा अलार्मही सक्तीचा आहे. त्या एका फोटोमागे एवढं सगळं उभं आहे. फोटोत ते दिसत नाही, इतकंच.

आपल्या बाथरूममध्ये यातलं काय असतं? भिंतीला दोन खिळे, एक नळी आणि बंद दार.

थोडा हिशेब करू. पाच फूट लांब, चार फूट रुंद, आठ फूट उंच बाथरूम म्हणजे 160 घनफूट हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नेहमीचा गीझर दहा मिनिटं चालला, म्हणजे तीन-चार बादल्या पाणी काढलं, तर साधारण 160 ग्रॅम गॅस जळतो. तेवढा गॅस नीट जळायला अंदाजे 70 घनफूट हवा लागते. म्हणजे एकाच माणसाच्या अंघोळीत खोलीतली जवळजवळ निम्मी हवा वापरली जाते. दाराच्या फटीतून थोडीफार येत असते, पण मागोमाग चार जणांच्या अंघोळी झाल्या की पाचव्याच्या वाट्याला काय उरत असेल? ईदच्या सकाळी पाहुण्यांसकट आठ-दहा जणांचं गुस्ल असतं, तेव्हा तर विचारूच नका.

हवेतला ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरही होत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो, म्हणून गळती कळते. पण हा वायू जळताना तयार होतो, त्याला वास कोण देणार? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त ओढीने याला धरून ठेवतं. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं आणि पायांतली शक्ती जाते. बाहेर पडावं असं कळतं तेव्हा उठवत नाही. पोटातलं बाळ, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि हृदयाचे रुग्ण यांना तो लवकर बाधतो.

आपल्या दादी-नानी बंबात पाणी तापवत. बंब परसात किंवा उघड्या पडवीत असायचा, घरात धूर नको म्हणून. तो धूरच राखणदार होता. गॅसच्या स्वच्छ निळ्या ज्योतीने हा राखणदार काढून घेतला. (बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवतात, त्यातही हाच वायू असतो. शेक घ्यायचा तर दार-खिडकी उघडी ठेवून घ्या आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. रात्री निजताना घरातली आग विझवण्याची प्रेषितांची (स.) ताकीद आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मदीनेत एक घर रात्री माणसांसकट जळालं, तेव्हाची ती गोष्ट आहे.)

तर भगिनी, गीझर घ्या, पण तो बाथरूमच्या बाहेर बसवा. गॅलरीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पाऊस आणि थेट वारा लागणार नाही असा आडोसा करून. आत यावा तो फक्त गरम पाण्याचा पाइप. पाइपचे चार-पाचशे रुपये वाढतील आणि फिटर कुरकुर करेल, “ताई, पाणी गार होतं, सगळे आतच बसवतात.” करू दे. पाइपवर फोमचं वेष्टण चढवलं की पाणी फारसं गार होत नाही. बाथरूमच्या दमटपणात गीझरचा बर्नर गंजतो, तेही वाचेल. बंद डक्टमध्ये किंवा काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत बसवू नका. तीही मग बाथरूमच.

“एक्झॉस्ट फॅन लावला की झालं,” असंही तुम्हाला सांगतील. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढी हवा आत येणार कुठून? दाराखाली फट नसेल आणि खिडकीला माझ्यासारखं प्लॅस्टिक असेल, तर फॅन नुसता आवाज करतो. शिवाय वीज गेली की तो बंद पडतो. गीझर मात्र सेलवर चालतो, तो चालूच राहतो.

सिलिंडर उभा, मोकळ्या हवेत, जमिनीच्या पातळीखाली नसलेल्या जागी हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून खड्ड्यात किंवा बंद कपाटात सिलिंडर ठेवायचा नाही. चुलीच्या नळीला टी जोडून गीझरला गॅस देण्याचा जुगाड तर मुळीच नको. नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली केशरी रंगाची घ्या. ती दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. नळीवर छापलेली तारीख बसवतानाच पाहून ठेवा. जास्त अंतर असेल तर गॅस एजन्सीच्या माणसाकडून धातूची लाइन टाकून घ्या. जोड लावून झाले की फिटरसमोरच साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघणारा फिटर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

ज्योत निळी हवी. पिवळी झाली, टोकं लांबली, काजळी धरली, तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे असं समजा आणि गीझर बंद करा. थंडी सुरू होण्याआधी वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या अनेक भगिनी हे वाचत असतील. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, गीझर आतच आहे. त्यांनी दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला आत जावं. आत माणूस आणि गीझर चालू, असं एक मिनिटही नको. खिडकीला प्लॅस्टिकऐवजी पट्ट्या तिरक्या ठेवून बाहेरून जाळीचा आडोसा करा, पडदाही राहतो आणि हवाही. जुम्याला आणि ईदला अंघोळी एका दमात उरकू नका, फजरपासून वाटून घ्या. हे जमणार नसेल तर सरळ विजेचा गीझर घ्या, फक्त अर्थिंग तपासून. बिल जास्त येईल, येऊ द्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आता आपल्याकडेही मिळतो, सेलवर चालणारा. घेताना नीट विचारून घ्या, कारण गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो आणि दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतात.

आणि दाराबद्दल. आमच्या घरी आता नियम आहे. आत कोण आहे हे बाहेर कुणाला तरी माहीत असतं, दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि उत्तर द्यायचं. आतून मोठी कडी नाही, बाहेरून नाण्याने उघडता येणारी खिटी आहे. हाकेला उत्तर आलं नाही तर दार उघडायचं, उघडणारा बाप असो, भाऊ असो, दीर असो की शेजारी. जीव जात असताना आपल्या शरीअतने कुणाचेही हात बांधलेले नाहीत. चादर टाकायला दोन सेकंद लागतात. पण हे घरातल्या पुरुषांना आणि मुलींना आधीच बसवून सांगायला हवं, त्या क्षणी सांगून कुणी हलत नाही.

दार उघडल्यावर श्वास रोखून आधी माणसाला बाहेर मोकळ्या हवेत ओढा, मग गीझर आणि सिलिंडर बंद करा. आतच तोंडावर पाणी मारत बसू नका, तुम्हीही पडाल. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना न विचारता सांगा, “गॅसचा गीझर चालू होता.” करोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. यात त्याच्यावर विसंबू नका. रक्तात हा वायू भरलेला असला तरी ते 98, 99 असा आकडा दाखवू शकतं. रुग्णाला ऑक्सिजन लागतो आणि तो लवकर लागतो. नुसती गॅसगळती असेल, वास येत असेल, तर सिलिंडर बंद करून, विजेचं बटण न दाबता बाहेर या आणि 1906 वर कळवा.

आमची मुलगी आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजून बाथरूमला जाताना खिडकी आधी उघडते. ते प्लॅस्टिक मी त्याच संध्याकाळी ओरबाडून काढलं होतं, काचेवर त्याचा गोंद अजून आहे.

चिपळूणच्या भगिनींनो, सासूबाईंना माझा सलाम सांगा. नणंदेलाही सांगा, आणि तिच्या शेकोटीची तपासणी शेवटची कधी झाली, तेही विचारा.