मासा कशाने मेला?



काचेची मासेपेटी ही एकेकाळी दवाखान्यात नाहीतर मोठ्या दुकानात पाहायची वस्तू. आता ती आपल्या वस्तीतील घरांतही आली आहे. मुलांना विरंगुळा होतो, घराला शोभा येते, त्यात वावगे काही नाही. पण पेटीबरोबर जी एक समजूत घरात शिरत आहे, तिच्याविषयी आज लिहावेसे वाटते.

गेल्या पावसाळ्यात विहारातून परतताना चामोर्शीतल्याच एका ओळखीच्या घरी चहाला थांबलो. मुलाने नागपूरहून दोन फुटांची पेटी आणि आठ गोल्डफिश आणले होते. पेटीत तेव्हा तीनच मासे उरले होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, पाच गेले. पण आत्याबाई म्हणतात, बरे झाले. घरावरचे संकट माशाने आपल्या अंगावर घेतले." घरधनी त्या दिवसांत आजारी होते, त्यातून बरे झाले, म्हणून सगळ्यांना ते पटले होते. बारावीतल्या मुलीला मात्र पटले नव्हते. ती म्हणाली, "काकाजी, संकट घेऊन मासा मरते, तर मग आपण विहारात पाणातिपाता वेरमणी कशाला म्हणतो?"

पोरीने नेमके बोट ठेवले होते. आपण काही शाकाहारी नाही. वैनगंगेच्या काठची माणसे आपण, मासळी आपल्या ताटात असते. पण हौसेखातर जीव घरात आणायचा, तो मेला की आपली पीडा टळली म्हणून समाधान मानायचे, हे कोणत्या शीलात बसते? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी घरातले देव बाहेर काढले. त्या रिकाम्या कोनाड्यात आता मासा बसवायचा काय?

मी त्या मुलीला म्हटले, चल, मासा कशाने मेला ते शोधू. मला हे कळले ते पुस्तकातून थोडे, आणि माझ्याच घरी दोनदा पेटी रिकामी झाली त्यातून जास्त.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात मलमूत्र टाकतो. त्यातून, आणि तळाशी कुजणाऱ्या उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तोच हा वायू. पेटीत तो थोडा असतो, त्याला ना रंग ना वास. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि माशाचे कल्ले जळत असतात. तलावात हा अमोनिया खाणारे सूक्ष्म जीवाणू असतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषारीच, कारण त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, ते बरेच निरुपद्रवी. नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीतले मासे पहिल्या महिन्यातच पटापट मरतात. घरात आजारी माणूस असो वा नसो, मरतात.

त्या घरी पुढे जे झाले ते तर फारच वाईट. मी सांगून आलो, पण दुसऱ्या दिवशी घाईत कोणीतरी पेटी रिकामी केली, खडे आणि स्पंज साबणाने घासले, नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरले. पावसाळ्यात पाण्यात टीसीएल पावडर जास्त असते. संध्याकाळपर्यंत तिन्ही मासे गेले. क्लोरिनने मासेही मरतात आणि होते नव्हते तेवढे जीवाणूही. स्वच्छतेची हौस आपल्या बायाबापड्यांना दांडगी आहे, ती चांगलीच आहे. पण पेटी म्हणजे घासायचे भांडे नव्हे.

दिवाळीनंतर मुलीने पुन्हा सुरुवात केली, या वेळी चारच गप्पी घेऊन. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत पन्नासेक लिटर पाणी मावते, त्यात आठ गोल्डफिश म्हणजे एका खोलीत तीन बिऱ्हाडे. ती आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे एक बादली पाणी नळीने तळाच्या गाळासकट ओढून काढते आणि आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेले पाणी हळूहळू ओतते. चोवीस तासांत क्लोरिन उडून जातो. स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. एखादा दिवस उपास घडला तरी बिघडत नाही. शेजारची पोरे मुरमुरे टाकतात, त्यांच्यावर मात्र पहारा ठेवावा लागतो.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७च. त्यात वीज गेली की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तेव्हा मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीतच ओतत राहावे.

हे ज्ञान आपल्याकडच्या ढिवर बांधवांना नवे नाही. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांवर त्यांची पोटे चालतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी तलावातला बेशरम उपटून काढला आणि तिथल्याच पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासळी परतली. त्यांनी मासळी का घटली याचे कारण पाण्यात शोधले, कोणाच्या नजरेत नाही.

एक सूचना राहिली. पेटीचा कंटाळा आला म्हणून गप्पी किंवा दुसरे बाहेरचे मासे तलावात सोडू नका. ते तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्ले खातात. आरोग्य खात्याचे लोक डासांसाठी गप्पी सोडतात ते टाक्यांत, डबक्यांत. त्यांना विचारून द्या.

आणि दर आठवड्याची ती बादलीभर पाणी फेकू नका. त्यातले नायट्रेट म्हणजे झाडांना खतच. त्या मुलीच्या अंगणातली मिरचीची रोपे यंदा माझ्या घरच्यापेक्षा हातभर उंच आहेत.