आधी वाळू, मग मासे

आमच्या घरात माशांची टाकी आली ती लेकाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी. बापलेक पेढे आणायला म्हणून बाहेर पडले आणि तासाभराने रिक्षातून दोन फुटी काचेची टाकी, निळ्या-गुलाबी खड्यांची पिशवी, प्लॅस्टिकचा एक किल्ला आणि हवा भरून फुगवलेल्या पिशवीत बारा रंगीत मासे घेऊन परतले. पेढे राहिलेच. ‘‘आई, आफ्रिकन सिक्लिड आहेत, मिक्स!’’ लेकाचा चेहरा इतका फुलला होता की मी काही बोलले नाही. एवढंच विचारलं, ‘‘पाणी कोण बदलणार?’’

‘‘आम्ही!’’ दोघे एका सुरात म्हणाले.

मैत्रिणींनो, पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या आठवड्यात बादली माझ्या हातात आली. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही, सवय असते आपल्याला. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. रोज सकाळी दिवा लावला की एखादा मासा शेपटी कुरतडलेल्या अवस्थेत कोपऱ्यात पडलेला असायचा. दीड महिन्यात बाराचे तीन राहिले. दुकानदाराला विचारलं तर तो हसत म्हणाला, ‘‘वहिनी, मासेच ते, मरायचेच. नवीन घेऊन जा.’’

त्या वाक्याचा मला फार राग आला. त्या रागातच मी वाचायला लागले, जाणकारांना विचारायला लागले. आज आमच्याकडे चार फुटी टाकी आहे आणि तिला सहा वर्षं झाली. एवढ्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगते. ते मासे मरणार होते म्हणून मेले नाहीत, आम्ही मारले. सोफ्याला शोभतील असे पडदे निवडावेत तसे आम्ही मासे निवडले होते.

हे मासे येतात कुठून, हे आधी बघायला हवं होतं. पूर्व आफ्रिकेत मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया अशी तीन अवाढव्य सरोवरं आहेत. दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून मिळणारे बहुतेक मासे मूळचे मलावी सरोवरातले. हे सरोवर जवळजवळ साडेपाचशे किलोमीटर लांब आणि सुमारे सातशे मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. म्हणून तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला १९८४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. असा वारसा आपण किल्ल्याशेजारी दोन फुटांत कोंबतो!

या सरोवराचं पाणी जड आहे, म्हणजे क्षार जास्त आणि सामू साधारण पावणेआठ ते साडेआठ. हे शब्द अवघड वाटतात, पण जड पाणी म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळतं? ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरं साचतं, ते जड पाणी. आपण ज्या बोअरच्या पाण्याला नावं ठेवतो, तसलं पाणी या माशांना मानवतं. धरणातून नळाला येणारं पावसाचं पाणी त्यामानाने हलकं असतं. म्हणून वाळूचा विचार आधी करायचा. वाळू ही टाकीची शोभा नाही, ती पाण्याचा गुण ठरवते.

आमचे निळे-गुलाबी खडे मी पहिल्या महिन्यातच काढून टाकले. एक तर त्यांचा रंग सुटत होता. दुसरं म्हणजे, सिक्लिड वाळू उकरतात. पीकॉक जातीचे मासे तर वाळू तोंडात घेतात, चाळतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. सरोवराच्या तळाशी ते असंच खाणं शोधतात. आता कल्पना करा, या माशाच्या तोंडात आपण काचेसारखे टोकदार खडे दिले तर? बांधकामावरची क्रश सँडही म्हणूनच नको. दगड फोडून केलेली ती वाळू धारदार असते. नदीची वाळू म्हणाल, तर वाळूउपशाने आपल्या नद्यांचं काय झालंय ते आपण डोळ्यांनी बघतोय. त्यात आपल्या टाकीची भर कशाला? समुद्रावरची वाळू आणावी, तर तिच्याबरोबर मीठ आणि घाणही येते.

मग काय घ्यायचं? पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती बारीक, गोलसर वाळू उत्तम. ती पाण्यात काही सोडत नाही, काही शोषत नाही. आपण तांदूळ धुतो तशी ती धुवायची, फक्त इथे दोन-तीन पाण्यांत भागत नाही, वरचं पाणी नितळ होईपर्यंत धुवत राहायचं. थर इंच-दीड इंचाचा पुरे. जाड थर दिला की खाली घाण कुजते. अगदी पांढरीशुभ्र वाळू दुकानात छान दिसते, पण तिच्यावर माशांचे रंग फिके पडतात. फिकट तपकिरी बरी.

पुस्तकांत क्षार वाढवण्यासाठी प्रवाळाचा चुरा घाला असं हमखास लिहिलेलं असतं. माझा त्याला विरोध आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ साली आपल्याकडच्या प्रवाळांना संरक्षण दिलं. एका सरोवराचा देखावा करण्यासाठी दुसरा समुद्र ओरबाडायचा, हे काही पटत नाही. त्यापेक्षा चुनखडीचे किंवा संगमरवराचे खडे जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. आपली जुनी शहाबादी फरशी तरी काय असते? चुनखडीच. लिंबू सांडलं की तिच्यावर पांढरा डाग पडतो ना, तीच तिची परीक्षा. दगडावर लिंबू पिळायचं. बुडबुडे आले तर तो पाण्याला क्षार देणार. आपला काळा पाषाण लिंबाला दाद देत नाही. तो क्षार देत नाही, पण घेतही नाही, त्यामुळे कपारी करायला छान. मात्र दगड आधी काचेवर रचायचे आणि वाळू नंतर ओतायची. नाहीतर मासे खालची वाळू उकरतात आणि दगड घसरून काचेवर येतो.

वाळू घातली, पाणी भरलं, तरी मासे लगेच आणायचे नाहीत. इथेच बहुतेक घरं चुकतात, आम्हीही चुकलो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच विष ठरतो. त्याचं रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावून आपण थांबतो, तसंच हे. कुणाच्या जुन्या टाकीतला फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मिळाला, तर तो खरोखरच विरजणासारखा कामी येतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला औषध मिळतं, ते विसरायचं नाही.

आता मासे. पहिला नियम, ‘मिक्स’ कधीही घ्यायचे नाहीत. मलावीत कपारींत राहणारे मासे आहेत, त्यांना तिथले लोक म्हणतात म्बुना. ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. पीकॉक वाळूवर राहतात आणि किडे-अळ्या खातात. एकाला पालेभाजी हवी, दुसऱ्याला मांसाहार. म्बुनांना सारख्या अळ्या घातल्या की पोट फुगून मरतात. शिवाय म्बुना दांडगे आणि पीकॉक त्यामानाने गरीब. आमच्या बारांमध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक गोजिरवाणा अव्राटस होता. या जातीचा नर मोठा झाला की काळपट होतो आणि सगळ्या टाकीवर हुकूमत गाजवतो. सकाळच्या त्या कुरतडलेल्या शेपट्या त्याच्याच कृपेने!

नवख्या घराने पिवळे लॅब घ्यावेत. म्बुनांमध्ये ते सौम्य. एका नरामागे तीन तरी माद्या हव्यात. दोनच मासे ठेवले तर बलवान दुसऱ्याला जगू देत नाही. चार फुटी टाकीत पंधरा ठेवले तर राग वाटला जातो, एकाच्याच वाट्याला येत नाही. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्यांना हे लगेच समजेल. टाकी दोन फुटी असेल तर हे मासे आणूच नयेत. त्यात गप्पी ठेवा, सुखाने नांदतील.

आणि आता मला खरं जे बोलायचं आहे ते. पीकॉकचा नर निळा, केशरी, झळझळीत. मादी राखाडी-तपकिरी. दुकानात तिला कुणी विचारत नाही, म्हणून दुकानदारही ठेवत नाही. गिऱ्हाइकाला रंग हवा, म्हणून पिल्लांना हार्मोन देऊन रंग चढवण्याचे प्रकारही या धंद्यात चालतात. आपण पिशवी उंचावून म्हणतो, ‘‘किती गोड!’’ आणि पैसे देतो. मागणी आपलीच असते.

त्या राखाडी मादीचं कर्तृत्व मला आमच्या पिवळ्या लॅबमुळे कळलं. एक मादी अचानक खाईना. लेक घाबरला, ‘‘आई, ती आजारी आहे गं.’’ तिचा जबडा फुगला होता. नीट पाहिलं तेव्हा कळलं, तिच्या तोंडात अंडी होती. मलावीतल्या जवळजवळ सगळ्या सिक्लिडच्या माद्या अंडी तोंडात धरतात. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत साधारण तीन आठवडे त्या जवळपास काहीच खात नाहीत. समोर खाणं पडत असतं, बाकीचे तुटून पडतात, ही कपारीत गप्प. त्या तीन आठवड्यांत तिला दबा धरायला जागा नसेल, तर नर तिला हाकून हाकून दमवतो. तेव्हा मला कळलं, दगडाची ती कपार देखाव्यासाठी नाही. तिच्यासाठी ते माहेर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, घरात टाकी येण्याआधी तीन प्रश्न विचारा. जागा किती? कुठली एक जात? आणि पाणी कोण बदलणार? चार फुटी टाकीचं पाव पाणी बदलायचं म्हणजे दर आठवड्याला चार बादल्या. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे या चार बादल्यांचा विचार आधी व्हायला हवा. (काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस तरारते.) तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘आम्ही’ असं आलं तर ‘आम्ही म्हणजे कोण आणि कुठल्या वारी?’ हेही विचारा. आमच्याकडे आता रविवार लेकाचा. माझी तब्येत बिघडली तरी बादली हलते, हे मी भांडून मिळवलंय.

आणि कंटाळा आला तर मासे तळ्यात किंवा नदीत सोडू नका. ती दया नव्हे. बाजारात मिळणारा तिलापियाही आफ्रिकेचा सिक्लिडच. १९५२ साली तो आपल्याकडे आणला गेला आणि आज कितीतरी तळ्यांत त्याने स्थानिक माशांची जागा घेतली आहे. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

परवा शेजारची एक मुलगी आली होती. तिच्या बाबांनी तिला टाकी कबूल केलीय. काचेला नाक लावून तिने विचारलं, ‘‘काकू, आधी कुठला मासा घेऊ?’’

म्हटलं, ‘‘आधी वाळू धुवायला बस. मासे दीड महिन्याने.’’

तिचं तोंड एवढंसं झालं. पण रविवारी आली, बाह्या वर करून.