पाणी हवं का, असं विचारू नका

दुपारी आजींना विचारून बघा, "पाणी देऊ का?" उत्तर ठरलेलं असतं. "नको गं, तहान नाही." तुम्ही आपल्या कामाला लागता.

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पण घशाला कोरड पडत नाही. म्हणून विचारत बसू नका. फुलपात्र हातात द्या आणि चार घोट पोटात जाईपर्यंत शेजारी बसा.

'नको' म्हणण्यामागे कधी वेगळंच कारण असतं. आमच्या आईने संध्याकाळी पाचनंतर पाणी सोडलं होतं. रात्री उठायला नको, अंधारात पडायला नको, म्हणून. हे कळायला आम्हाला दोन उन्हाळे लागले. सकाळी उठताना तिला भोवळ यायची आणि आम्ही बीपीच्या गोळीला बोल लावायचो. शेवटी बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा लावला, भिंतीला धरायला दांडी बसवली. मग तिचं पाणी आपोआप सुरू झालं.

लेकीसुनांचंही तेच. शेतात, बाजारात, एसटीच्या प्रवासात आडोसा मिळत नाही, म्हणून सकाळपासून ओठ ओले करायचे नाहीत. मग लघवीला जळजळ, डोकेदुखी, खडा धरणारं पोट, पुढे मूतखडासुद्धा. यात बाईची चूक काय? सोय नाही, ही चूक आहे. प्रवासाला निघताना वाटेत कुठे थांबायचं, हे आधी ठरवा आणि तिला सांगा.

पाणी पुरेसं आहे का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद आणि थोडीशीच होत असेल तर पाणी कमी पडतंय. जीभ कोरडी पडणं, पायात गोळे येणं, उठताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, याही त्याच खुणा.

उन्हात घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही, कारण घामाबरोबर मीठही जातं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, पन्हं, भाताची पेज, जे घरात असेल ते द्या. चहाने दुपार भागवू नका.

आता जुलाबाचं. बाळाला जुलाब लागले की काही घरांत पाणी बंद करतात. "जेवढं पाजू तेवढं जाईल," असं म्हणतात. असं कधीही करू नका. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं मरत होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजायला लावलं. हजारो माणसं वाचली. आपलं ओआरएस त्याच जातीचं.

पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम विरघळवा. अर्धं आज, अर्धं उद्या, असं नको. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. आणि हो, खोक्यातलं गोड रंगीत पेय म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

बाळाचे डोळे खोल गेले, टाळू आत बसली, रडताना पाणी येईना, सहा तास लघवी झाली नाही, तर घरात थांबू नका. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर १०८ला फोन करा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर दिवसाला किती पाणी घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे मिळतात. दोन आणून मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवा. रात्री दोन वाजता औषधाचं दुकान उघडं नसतं.