लेखणी नाकारलेल्यांची वही कोण लिहिणार?

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विल्यमिना फ्लेमिंग, ॲनी जम्प कॅनन, हेन्रिएटा लेव्हिट अशा अनेक स्त्रियांनी ताऱ्यांचे मोजमाप केले. त्यांच्या हस्तलिखित वह्या अलीकडे जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उतरवून काढल्या. एकाने अक्षर लावून मजकूर उतरवायचा, दुसऱ्याने तो मूळ पानाशी ताडून पाहायचा, अशी ही साधी पद्धत. मराठी विकिस्रोतावर आपले जुने ग्रंथही याच रीतीने उतरवले जातात. हे कार्य स्तुत्य आहे, यात वाद नाही. परंतु ते कागदापासून सुरू होते. ज्यांच्या हाती कागदच येऊ दिला नाही, त्यांच्या ज्ञानाचे काय, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने विचारलाच पाहिजे.

मी ज्या देशात वैद्यकी करते, तेथलेच उदाहरण घेते. फ्रीसलँडमधील डोक्कम गावची सुईण कॅथरिना श्राडर (१६५६–१७४६) हिने १६९३ ते १७४५ या काळात केलेल्या तीन हजारांहून अधिक बाळंतपणांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवली. अडलेली बाळंतपणे, वाचलेल्या आया, दगावलेली अर्भके, सारे तिने लिहिले. ती वही टिकली, छापली गेली आणि प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले.

माझी आजीही सुईणच होती. मराठवाड्यातील आमच्या गावी सवर्णांच्या वाड्यावर अडलेल्या बाळंतिणीला तिचा हात चाले. मूल जन्मले की तोच हात विटाळाचा ठरे. तिच्या हातून किती बाळे जन्मली, याचा आकडा आज कोणापाशीही नाही. मनूच्या व्यवस्थेने तिच्या हाती नाळ कापण्याचा विळा दिला, लेखणी मात्र दिली नाही.

आणि ज्या थोड्यांनी लेखणी मिळवली, त्यांच्या लिखाणाला आपण कोणत्या रांगेत बसवले? डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंध सादर केला. विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यांचे कर्तृत्व निःसंशय मोठे आहे. पण त्याच्या एकतीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते आणि आजार झाला तर औषधाला पैसा कोठून आणावा, असे ती विचारते. आजाराचे कारण निवाऱ्यात आणि दारिद्र्यात शोधणे, याला आज आम्ही सामाजिक आरोग्यशास्त्र म्हणतो. मग आनंदीबाईंचा प्रबंध तेवढा विज्ञान आणि मुक्ताचा निबंध केवळ आक्रोश, ही वाटणी कोणी केली?

यावर आपल्याच घरांतून दोन आक्षेप येतात. पहिला असा की, गावकीची ती कामे आपण टाकून दिली, आता ती उकरून कशाला काढायची? टाकून दिली, हे योग्यच झाले. बाबासाहेबांनी तेच शिकवले. पण काम टाकायचे म्हणजे साक्षही टाकायची असे नव्हे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. त्यांनी लाज बाळगली असती तर आपल्यापाशी काय उरले असते?

दुसरा आक्षेप असा की, सुईणी अडाणी होत्या, त्यांच्या हातून अर्भके धनुर्वाताने दगावत. खरे आहे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की धनुर्वात होतो, हे मी डॉक्टर म्हणून नाकारणार नाही. म्हणूनच तर नोंद हवी. नोंद म्हणजे आरती नव्हे. ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखायला आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते.

फेल्डहोवनमध्ये आपल्यापैकी अनेकजण संगणकाच्या चिपा घडवणारी यंत्रे बनवतात. एवढी सूक्ष्म यंत्रे हाताळणाऱ्यांच्या मुलांना आजीचे पत्र वाचता येऊ नये, ही कोणती प्रगती? चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. प्रत्येक कुटुंबाने गावाकडच्या एका वृद्ध स्त्रीचे बोलणे तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. मुलांनी ते देवनागरीत उतरवावे, दुसऱ्या घरातील कोणी ते ऐकून तपासावे. तिची बोली ‘शुद्ध’ करू नये. गाव आणि तारीख लिहावी, बाळंतिणींची नावे गाळावीत.

माझी आजी मी विचारण्याआधीच गेली. मी वैद्यकाची पाठ्यपुस्तके तोंडपाठ करीत होते आणि ती घरातच बसून होती. तुमची आजी हयात असेल, तर येत्या रविवारीच तिला दूरध्वनी करा.

जयभीम.