चुलीचा धूर आणि तज्ज्ञांची धूळफेक

‘खेड्यातील स्त्री परंपरेला चिकटून बसते, सुधारित चूल स्वीकारीत नाही’ हा निष्कर्ष चर्चासत्रांतून इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याला आता पुराव्याचीही गरज उरलेली नाही. हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण तो अपयशाचे सारे खापर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या माथी फोडतो.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. मधल्या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली ‘बसविल्या’ गेल्या. बसविल्या हाच शब्द योग्य. वर्षभराने त्यांतील किती पेटतात याची चिंता करण्यात कोणाचेच हित गुंतलेले नव्हते. धुराड्यात काजळी साचली, मातीला तडे गेले, दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर शेकावी लागते, ही गोष्ट जन्मात भाकरी न थापलेल्यांच्या आराखड्यात कोठून यावी? आंघोळीच्या पाण्याखाली जळणारी दुसरी चूल तर बहुतेकांच्या नजरेतून सुटलीच.

पण खरा प्रश्न हिशेबाचा आहे. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माळावर गरिबाघरी जळण फारसे विकत येत नाही, ते बाईच्या डोक्यावरून येते. राष्ट्रीय उत्पन्नात जळाऊ लाकडाचे मूल्य अंदाजाने का होईना धरतात. ते आणणारीची मजुरी मात्र घरात कोणीच धरीत नाही. म्हणून निम्मे जळण वाचविणारी चूलही घरच्या कर्त्याला तोट्याची वाटते. जिचे श्रम वाचतात तिच्या हाती पैसा नाही आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या डोळ्यांत धूर जात नाही. डॉ. लोहियांनी चुलीच्या धुराला राजकारणाचा प्रश्न मानले, तेव्हा शहाण्यांना हसू आले होते!

बाजार हा प्रश्न सोडवील म्हणणाऱ्यांनी ‘ऊर्जा’ चुलीचा इतिहास आठवावा. बीपी या बलाढ्य तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने २००६ साली ती बाजारात आणली. चूल उत्तम, पण तिला कारखान्यात दाबून केलेल्या कांड्याच लागत. कांड्या महागल्या आणि लाखो घरांतील चुली अडगळीत गेल्या. २०१६च्या उज्ज्वला योजनेने जोडणी घरोघर पोचविली हे मान्य केलेच पाहिजे. परंतु महालेखापरीक्षकांनीच २०१९ साली दाखवून दिले की या लाभार्थ्यांची वर्षाला सरासरी जेमतेम तीन-सव्वातीन सिलिंडरे भरली जातात. उरलेले दिवस धुराचे. आणि आता कार्बनचे व्यापारी आले आहेत. गरिबाच्या चुलीतून वाचलेला धूर परदेशी कंपन्यांना विकणाऱ्या प्रकल्पांची तपासणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी केली. बचतीचा दावा सुमारे नऊपटींनी फुगविलेला असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

इतके दूर जाण्याची गरजच काय? डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत सिद्ध केली. २००२ साली तिला ब्रिटनचे ॲश्डेन पारितोषिकही मिळाले. हेक्टरी सुमारे दहा टन पाचट निघते. कराड-वाळव्याच्या सुपीक पट्ट्यात त्यातले बरेचसे फडातच पेटवून देतात आणि त्याच फडाच्या बांधावर बीडहून आलेली कोयत्यावरची बाई पहाटे तीन दगडांवर ओल्या काटक्या फुंकीत बसते. टनामागे नाना कपाती करण्यात वाकबगार असलेल्या साखर कारखान्यांना या कामासाठी मात्र पैसा सापडत नाही.

येत्या हंगामाच्या करारातच तोडणी कामगाराच्या प्रत्येक पालासाठी चूल आणि जळण कारखान्याच्या खर्चाने घालावयास लावले पाहिजे. गावातील चुलींचे पैसे मक्तेदाराला द्यावयाचे, तर ते वर्षभरानंतर, चूल वापरणाऱ्या बायांनी ग्रामसभेत ती पेटते असे सांगितल्यावरच.