रेवसला उतरलात, तर कोर्लईपर्यंत या

आपल्या धर्मग्रामांच्या सहली आता लांब लांब जाऊ लागल्या आहेत. वेलंकनी झाली, जुनं गोवं झालं, ज्यांना परवडतं ते पवित्र भूमीलाही जाऊन येतात. अलीकडे क्रूझची हौस वाढली आहे. वसईची, गोव्याची कितीतरी मुलं त्या जहाजांवर नोकरीला आहेत. ती घरी फोटो पाठवतात: कॅरिबियन समुद्रातलं कुरासाव बेट, त्यावरचं विलेमस्टाड बंदर, पाण्याला लागून पिवळ्या, निळ्या, गुलाबी घरांची रांग. गाव सुंदरच आहे आणि 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथली माणसं पापियामेंतू बोलतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्द आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तोंडी पडले, त्यातून ही भाषा घडली. त्या भाषेचं लोकांना फार नवल वाटतं.

नवल वाटावं असंच आहे ते. पण पोर्तुगीजमधून घडलेली आपली स्वतंत्र भाषा घरात बोलणारं एक ख्रिस्ती गाव रायगडच्या किनाऱ्यावरही आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नाही. गावाचं नाव कोर्लई. मुंबईहून तिकडे जाण्याची जुनी वाट रेवसवरून आहे. यंदाची एक सहल त्या वाटेने न्या, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटते. मांडव्याला रो-रो आणि कॅटामरान सुरू झाल्यापासून पर्यटक तिकडे वळले. रेवसच्या लाँचला आता बहुतेक गावाकडचीच माणसं असतात, मोकळ्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी असतात. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: रेवसच्या धक्क्यापाशी गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागणं अवघड होतं. निघण्याआधी त्या दिवसाची भरती-ओहोटी आणि लाँचची वेळ विचारून घ्या, आणि परतीच्या लाँचचं तर नक्कीच विचारा. म्हातारी माणसं बरोबर असतील तर धक्क्यावर चढता-उतरताना हात द्यायला दोन तरुण नेमून ठेवा.

समोर करंजाचा डोंगर दिसू लागला, की मुलांना ‘रामदास’ बोटीविषयी सांगा. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसलाच निघाली होती. मुंबईत पोटापाण्याला गेलेली माणसं सणाला घरी परतत होती. काश्याच्या खडकाजवळ वादळात ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. या पट्ट्यातल्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काहींना वर ओढलं, म्हणून तेवढे वाचले. बुडालेल्यांसाठी लाँचमध्येच एक ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणा. आणि हवा बिघडली म्हणून लाँच सुटणार नाही असं कुणी सांगितलं, तर वाद घालू नका. त्या दिवशी घरी जा, पुढच्या आठवड्यात या.

रेवसपासून अलिबागला एस.टी. जाते. वाटेत थळच्या अलीकडे नवगाव लागतं. बेने इस्राएल या यहुदी लोकांचे पूर्वज गलबत फुटून इथेच किनाऱ्याला लागले, त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असं ते पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. तिथे त्यांचं स्मारक आहे. हे लोक घाणा चालवायचे, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावं याच मातीतली.

अलिबागजवळ खंडाळे-सागावच्या बाजूला त्यांचं आणखी एक पवित्र ठिकाण आहे. एलिया संदेष्ट्याचा रथ इथे टेकला आणि त्याच्या खुणा कातळावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. कुणाचा नवस फिटला की एलियाच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं आणि साखर, वर फळं, असं ताट भरून मधे ठेवतात, प्रार्थना होते आणि मग सगळ्यांना वाटतात. इस्राएलला गेलेल्या कुटुंबांतही ही चाल टिकून आहे. आपल्यातले पुष्कळजण या कातळाला एक चमत्कारिक दगड म्हणून बघून पुढे जातात. असं करू नका. तिथे पोचल्यावर पहिले राजे या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडा आणि गटातल्या एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. एलियाने बआलच्या संदेष्ट्यांना आव्हान दिलं तो डोंगर कार्मेल. आणि पुढे तुम्ही जिथे पोचणार आहात, त्या कोर्लईचं देऊळ कार्मेल मातेचं आहे. एकाच संदेष्ट्याचा धागा या किनाऱ्यावर दोन धर्मांनी धरून ठेवला आहे, आणि दोघांचीही घरची भाषा कोकणातच वाढली. अलिबागला आणि रेवदंड्याला सिनेगॉग आहेत. आत जायचं तर विचारून जा, पुरुषांनी डोकं झाका आणि शनिवारी कॅमेरा बाहेर काढू नका.

रेवदंड्याला मात्र उगाच रमू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. 1521 मध्ये निजामशहाने पोर्तुगीजांना चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, बस्तान बसवू दिलं, आणि पुढच्या दोन शतकांत या कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा सगळ्यांचे मठ आणि देवळं उभी राहिली. सेंट बार्बराच्या मठाचा मनोरा अजून उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. बाकीच्या भिंती नारळी-पोफळीच्या वाड्यांत सापडतात. या वाड्या खाजगी आहेत. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका, पडक्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नका आणि पूर्वी देवळाची वेदी होती त्या जागी डबे उघडून बसू नका.

हे सगळं पाहताना आपल्या मनात एक अभिमान येतो: केवढं आपलं वैभव होतं! तो अभिमान जरा बाजूला ठेवा. हे वैभव तोफांच्या आधाराने उभं होतं, आणि तोफा गेल्या तेव्हा तेही गेलं. 1739 मध्ये वसई पडली. 1740 मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली झाली. ज्यांना जाणं शक्य होतं ते गोव्याला गेले. मागे राहिली ती राबणारी, गरीब, इथलीच माणसं. त्यांना कुठे जायला नव्हतं. प्रार्थना, सण आणि एक भाषा एवढंच त्यांच्याजवळ होतं, आणि त्यांनी ते तिन्ही सोडलं नाही.

रेवदंड्यातच अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्या तीसेक वर्षं आधी, 1469 च्या सुमारास, तो चौलला उतरला. त्याच्यामागे ना किल्ला होता, ना आरमार. व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकंही नेली, त्यामुळे पुनरुत्थानाचा सण कधी येतो हेही त्याला नक्की कळेना. परक्या मुलुखात एकटाच तो अंदाजाने उपवास करत राहिला, आणि या घालमेलीविषयी त्याने आपल्या प्रवासवृत्तांतात लिहून ठेवलं. ख्रिस्ती प्रवासी कसा असावा, हे त्या मनोऱ्यापेक्षा या माणसाकडून शिकावं.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव आणि पुढे कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे, 1594 मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलेला. दीपगृहाच्या बाजूने वर वाट जाते. वर छप्पर गेलेलं देऊळ आहे, दोन्हीकडे पाणी दिसतं. सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर न्या, उतरताना बाटल्या खाली आणा. किल्ल्याला दोन तास पुष्कळ झाले.

उरलेला वेळ गावाला द्या. हजाराच्या आतबाहेर माणसं इथे नौ लिंग ही पोर्तुगीजमधून घडलेली भाषा बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. पोर्तुगालहून लोक ती ऐकायला येतात. म्हणून कळकळीने सांगतो, दारात बसलेल्या आजीसमोर मोबाइल धरून ‘जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा’ असं म्हणू नका. ती तुमच्याच धर्मसभेतली, तुमच्यासारखीच रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारी बाई आहे. तिच्याशी मराठीत बोला, ती तिला आपल्याइतकीच येते. तिची नातवंडंही मराठी शाळेत शिकतात. तुमच्या वसईच्या, उत्तनच्या, मुंबईच्या घरात काय बोलतात ते सांगा. सामवेदी, वाडवळी, ईस्ट इंडियन बोली बोलणाऱ्यांना तर हे सोपं जावं, आपल्या नातवंडांच्या तोंडून कोणते शब्द गळून गेले ते आपल्यालाही ठाऊक आहे. ती आपण होऊन बोलली तर ऐका, ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा.

बेत असा करा: शनिवारी पहिल्या लाँचने निघा, रात्री रेवदंड्याला किंवा अलिबागला मुक्काम करा, आणि रविवारची मिस्सा कोर्लईच्या लोकांबरोबर ऐका. चाळीस-पन्नास जण अचानक जाऊन पुढची बाकं अडवू नका. तिथल्या फादरना आठवडाभर आधी कळवा, मिस्साची वेळ त्यांच्याकडूनच घ्या, आणि मागे बसा. कार्मेल मातेचा सण 16 जुलैला येतो. त्या सुमारास जायचं असेल तर गावातला समारंभ नेमका कधी तेही विचारा. तेव्हा ऐन पावसाळा असतो, समुद्राचा भरवसा नसतो, म्हणून वडखळमार्गे रस्त्याने जाण्याची सोय हाताशी ठेवा. जेवण मुंबईहून बांधून नेऊ नका. गावातल्या बायकांना आधी सांगितलं तर मासळीचं जेवण करून देणारं कुणीतरी मिळतं, आणि ते पैसे गावात राहतात. सुकी मासळी घ्यायची तर तीही तिथेच घ्या. अर्पणाच्या वेळी सहलीच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढून ठेवलेली असू द्या, आणि ती कुणाचं नाव पुकारून न देता पेटीत टाका.

रेवस-करंजा पुलाचं काम सुरू झालं आहे. पूल झाला की गाड्या थेट येतील आणि लाँचचा हा प्रवास किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत हा विषय ठेवा, तरुणांच्या गटाकडे आखणी सोपवा आणि तारीख त्याच दिवशी ठरवा.