ऑटो काढा म्हणे!

स्मार्ट घराच्या जाहिरातीत माणूस सोफ्यावरून हुकूम सोडतो आणि दिवा मंद होतो. त्या दिव्याचं बटण त्याच्यापासून चार पावलांवर असतं. आमच्या बीड जिल्ह्यात बटण असतं विहिरीच्या कडेला, गावापासून कोसभर लांब, आणि पाळी रात्रीची असेल तर लाइट मध्यरात्री येते. (इथे 'लाइट आली' म्हणजे थ्री फेज आली, दिव्याचं कुणी विचारत नाही.) बिनतारी बटणाची गरज कुणाला जास्त, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०२०च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. त्या दिवसांत अंधारात मोटार चालू करायला जाणं म्हणजे काय, हे तिकडच्या कुणालाही विचारा.

शेतकऱ्याने आपली सोय आपणच लावली. ऐपत असेल त्याने सिमकार्डवाला मोबाइल स्टार्टर घेतला: घरून फोन लावला की मोटार चालू. नसेल त्याने साधा ऑटो बसवला: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. आणि महावितरण वर्षानुवर्षं आवाहन करतंय, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

कपॅसिटर बसवावाच. ऑटोबद्दलची तक्रारही खोटी नाही. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपीवर ताण येणारच. डीपी जळली की पिकाचे किती दिवस वाया जातात, हे मला दुसऱ्याने सांगायला नको. पण त्यावर उपाय काय, तर माणसाने रात्री उठून चालत जावं! यंत्राच्या अडचणीवर माणसाचे पाय खर्ची घालायचे.

ही अडचण त्या सोफ्यावरच्या दिव्यालाही होती. झिगबीचे दिवे एकाच रेडिओ पट्ट्यावर बोलतात. दोन दिवे एकदम बोलले की दोघांचंही कुणाला कळत नाही. म्हणून २००३ सालच्या ८०२.१५.४ या मानकातच सोय आहे: बोलण्याआधी प्रत्येकाने स्वतःपुरता आकडा काढायचा, तेवढे क्षण थांबायचं, हवा मोकळी आहे का बघायचं, मग बोलायचं. मोकळी नसेल तर पुन्हा आकडा, पुन्हा थांबणं. 'तुमचे दिवे काढा' असं त्या ग्राहकांना कुणी सांगितलं नाही.

मोटारींना एवढंच शिकवा. लाइट आल्यावर प्रत्येक ऑटोने आपल्या आकड्याप्रमाणे, शून्य ते पंधरा मिनिटांत केव्हाही सुरू व्हावं. 'टायमर असलेले ऑटो बाजारात मिळतात की,' असं कुणी म्हणेल. मिळतात. पण सगळ्यांनी दोन मिनिटं लावली तर सगळ्या मोटारी दोन मिनिटांनी एकदम उठतात. वेळ ठरलेली नको, प्रत्येकाची वेगळी हवी. मोबाइल स्टार्टरमध्ये चिप आहेच. त्याला प्रोग्रामच्या चार ओळी पुरतील.

हे करून सगळंच सुटेल असं नाही. दहा मोटारींच्या डीपीवर अठरा चालत असतील तर त्या एकेक करून उठल्या तरी डीपी जळेल. पण ऑटो काढूनही ती जळेलच. अठरा जण चालत जाऊन अठरा बटणं दाबतील, एवढाच फरक. तिथे दुसरी डीपी लागते, आवाहन नाही.

याच जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे वीज तयार करायला आमचं पाणी जातं आणि आमच्या पिकाला पाणी द्यायला वीज मिळते ती रात्री.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार म्हणतात. मिळावी, लवकर मिळावी. रात्रीची पायपीट थांबेल. पण सौर वीजही फीडरवरूनच येणार, ठरल्या वेळी. ऑटोला आकडा काढायला शिकवलं नाही, तर सकाळी फीडर चालू होताच त्याच अठरा मोटारी त्याच डीपीवर पुन्हा एकदम उठतील, एवढंच की भर उजेडात.